अकरा जागा, एकवीस तालुके

संस्था गरजेतून जन्माला येतात, असं पाठ्यपुस्तकांत छापलेलं असतं. प्रत्यक्षात संस्था जन्माला येते ती शेजाऱ्याकडे तशी एक आहे म्हणून. कोल्हापुरात फुटबॉल आहे. तिथे पेठांना संघ आहेत, संघांना झेंडे आहेत आणि झेंड्यांसाठी वेळप्रसंगी डोकी फुटतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत यातलं काही नाही, ही वस्तुस्थिती कैक वर्षं सर्वांना माहीत होती आणि तिचा कुणालाही त्रास नव्हता.

त्रास सुरू झाला तो कोल्हापुरातल्या एका लग्नात. पंक्तीत शेजारी बसलेल्या पाहुण्याने नानासोंना सहज विचारलं, "तुमच्याकडची पोरं संध्याकाळी करत्यात तरी काय?" नानासो हे सातारा जिल्ह्यातलं अनुभवी नेतृत्व. चेअरमन या पदाचा त्यांना पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. (कशाचे चेअरमन, हा तपशील त्या काळात वेळोवेळी बदलत गेला.) सार्वजनिक जीवनात प्रथमच ते जेवण अर्धवट टाकून उठले. मठ्ठा तेवढा घेतला. परतीच्या वाटेवर किणीच्या टोलनाक्याला गाडी रांगेत उभी असताना क्लब स्थापन झाला. स्थापनेला नानासो, त्यांचा पुतण्या वीरधवल आणि ड्रायव्हर असे तिघे उपस्थित होते. ठराव एकमताने मंजूर झाला. ड्रायव्हरचं मत विचारलं गेलं नाही, म्हणून एकमत.

क्लब दोन जिल्ह्यांचा मिळून असावा, कारण एकट्या जिल्ह्याच्या नावावर कोल्हापूरशी बरोबरी शोभणार नाही, असं ठरलं. नावावर सात बैठका झाल्या. 'सातारा-सांगली' म्हटलं की सांगलीकर उठून जात. 'सांगली-सातारा' म्हटलं की सातारकर बसून राहत, आणि ते जास्त धोक्याचं समजलं जातं. शेवटी जर्सीच्या छातीवर 'सातारा-सांगली' आणि पाठीवर 'सांगली-सातारा' असं छापायचं ठरलं. त्यामुळे खेळाडू अंगावर चालून येत असेल तर तो साताऱ्याचा आणि पळून जात असेल तर सांगलीचा, असा समज पसरला. सांगलीकरांनी हरकत घेतली, पण तोवर कपडे शिवून आले होते.

नावात 'व्यावसायिक' हा शब्द नानासोंच्या आग्रहाने आला. हौशी क्लब कुणीही काढतो. खेळाडूने खेळाशिवाय काही करायचं नाही आणि संचालकांनी खेळ सोडून सर्व काही करायचं, असा या शब्दाचा अर्थ घटनेत दिलेला आहे. घटनेचं हे कलम आजतागायत तंतोतंत पाळलं गेलं आहे.

प्रशिक्षक म्हणून सुभेदार आकाराम यांची नेमणूक झाली. आपल्या भागात निवृत्त फौजी शोधावा लागत नाही. तो बँकेच्या दारात किंवा कारखान्याच्या फाटकात उभाच असतो. आकाराम मात्र बारा वर्षं पलटणीच्या संघातून खेळलेले होते. म्हणजे त्यांना फुटबॉल येत होता. ही गोष्ट मुलाखतीत उशिरा लक्षात आली, तेव्हा नेमणूकपत्र देऊन झालं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी चेंडू मागितला. मागणी रास्त ठरवून खरेदी समितीकडे पाठवण्यात आली.

यानंतर क्लबच्या इतिहासातला सर्वांत बिकट प्रश्न उभा राहिला. सातारा जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. सांगली जिल्ह्यात दहा. बेरीज एकवीस होते. फुटबॉलच्या संघात खेळाडू अकरा असतात. हा आकडा कुणी, कधी आणि कोणत्या तालुक्याच्या सांगण्यावरून ठरवला, याची चौकशी करण्यात आली. समाधानकारक खुलासा मिळाला नाही.

"चाचणी घ्या," आकाराम म्हणाले. "पोरं पळवा, खेळवा. अकरा चांगली उचलतो. काम फत्ते."

"आवं सुभेदार, चाचणी घेतली तर जो चांगला खेळतो त्योच येणार," नानासो म्हणाले. "मग बाकीच्यांनी कुठं जायाचं?"

"फौजेत आमी तालुका इचारत न्हवतो, साहेब."

"फौजेत विलेक्शन न्हाई, सुभेदार. तिथं चालतंय."

प्रश्न समितीकडे गेला. समितीने तीन महिन्यांत जो अहवाल दिला, तो आपल्या भागाच्या राजकीय प्रज्ञेचा कळस मानावा लागेल. सभापतिपद असो की सरपंचपद, मुदत पाच वर्षांची असते आणि दावेदार दोन असतात. अशा वेळी अडीच वर्षं एकाने आणि अडीच वर्षं दुसऱ्याने, असं ठरतं. पहिल्याने मुदत भरताच राजीनामा द्यायचा. ही पद्धत इतकी निर्दोष आहे की तिच्यात एकच दोष काढता येतो, तो म्हणजे दुसरी अडीच वर्षं. समितीने दाखवून दिलं की फुटबॉलचा सामनाही पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा, दोन सारख्या भागांतच असतो. ज्याने हा खेळ शोधला त्याचं मूळ गाव आपल्याच बाजूला असावं, असं मत अहवालात नोंदवलं आहे. नाहीतर त्याने बरोबर मध्यावर थांबायची सोय कशाला केली असती?

तेव्हा पूर्वार्ध साताऱ्याच्या अकरा तालुक्यांना आणि उत्तरार्ध सांगलीच्या दहा तालुक्यांना, असं ठरलं. मध्यंतरात साताऱ्याच्या अकराही जणांनी राजीनामे द्यायचे. सांगलीकर उत्तरार्धावर खूश होते. लोक शेवटचं तेवढंच लक्षात ठेवतात, हा त्यांचा अनुभव होता. एका सामन्यात इतके खेळाडू बदलता येत नाहीत, असं आकाराम यांनी सांगून पाहिलं. त्यावर, मैत्रीपूर्ण सामन्यात दोन्ही बाजूंच्या संमतीने चालतं, हेही त्यांच्याकडूनच काढून घेण्यात आलं आणि क्लबने यापुढे फक्त मैत्रीपूर्ण सामने खेळावेत, असा निर्णय झाला.

जागांचं वाटप सुरळीत पार पडलं. सेंटर फॉरवर्डसाठी दोन्ही जिल्ह्यांतून एकवीस अर्ज आले, बचावफळीसाठी एकही नाही; स्वतःचा बचाव करण्याची वेळ आपल्यावर आलेली नाही, असं सर्वच तालुक्यांचं म्हणणं होतं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. (वीरधवलच्या नावाची चिठ्ठी पहिल्याच झटक्यात सेंटर फॉरवर्डला निघाली. चिठ्ठी नानासोंनी काढली.) सांगलीच्या बाजूने गोलकीपरची जागा आटपाडीने आपणहून मागून घेतली आणि पप्पू नावाचा आपला गडी दिला. पाण्याच्या टँकरसाठी एका जागी उभं राहून वाट बघण्याचा अनुभव इतर कुठल्याही तालुक्याला इतका नाही, हे त्यांचं निवेदन सभागृहाने टाळ्या वाजवून मान्य केलं. कुणी नाराज राहू नये म्हणून कर्णधार, कार्याध्यक्ष कर्णधार, उपकर्णधार (उत्तर), उपकर्णधार (दक्षिण), निमंत्रक कर्णधार, कर्णधारपदाचे ज्येष्ठ मार्गदर्शक अशी एकवीस पदं निर्माण करण्यात आली.

तरी एक जागा उरली. दोन अर्धांत मिळून बावीस जागा होतात आणि तालुके एकवीस. म्हणजे उत्तरार्धाच्या सेंटर फॉरवर्डची जागा रिकामी. सांगलीच्या दहा तालुक्यांत त्या जागेवरून असं काही पेटलं की ती स्वीकृत म्हणून जाहीर करावी लागली. ज्याला निवडून येणं जमत नाही पण विषयातलं कळतं, अशा तज्ज्ञासाठी कायद्यात ही सोय असते. एरवी तिथे दोन्ही न जमणारे येतात. पण त्या आठवड्यात नानासो चिकुनगुनियाने अंथरुणाला खिळले होते आणि आकाराम यांनी संधी साधून त्या जागेवर फुटबॉल येणाऱ्या मुलाला घेतलं.

त्याचं नाव ऋषिराज. वय तेवीस. वडील फौजेत, नेमणूक बरीच वर्षं शिलाँगला, त्यामुळे तिथल्या चढउताराच्या गल्ल्यांत तो खेळायला शिकला. त्याचा डावा पाय उजव्याइतकाच चालतो. संचालक मंडळातल्या काहींना हे अस्थिरपणाचं लक्षण वाटलं. त्याला मानधन होतं, पद नव्हतं, आणि स्वीकृत असल्याने नावापुढे तालुकाही नव्हता.

आता जे घडलं ते नीट कळण्यासाठी एक गोष्ट सांगणं भाग आहे. क्लबचा पहिला सामना गोव्याच्या एका क्लबशी ठरला. त्या क्लबचे प्रशिक्षक आकाराम यांच्याविरुद्ध कधीकाळी खेळलेले, जुनी ओळख. त्यांना आघाडीचा खेळाडू हवा होता आणि नवे खेळाडू घेण्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. त्यांनी फोनवर आकारामना सांगितलं होतं की पोराला एक अर्धा दाखव, पसंत पडला तर त्याच बसने घेऊन जातो. ऋषिराजने बॅग भरून ठेवली होती. नाही जमलं तर सोमवारपासून एमआयडीसीत पॅकिंगला जायचं, हेही ठरलं होतं. ओळखीतून लावलेलं काम, दुसऱ्यांदा थांबणार नव्हतं. म्हणजे त्याला जगाकडून पंचेचाळीस मिनिटं हवी होती आणि ती क्लबने लेखी कबूल केली होती.

सरावाबद्दल थोडं. आकाराम यांनी खेळाडूंना पळायला लावलं, ते पळाले. चेंडू अडवायला सांगितलं, त्यांनी अडवला. (चेंडू तोवर मंजूर झाला होता.) अडचण आली ती पास देण्याची. हाती आलेली गोष्ट पलीकडच्या तालुक्याला देऊन टाकायची, ही कल्पना खेळाडूंच्या गळी उतरेना. सरावातल्या दोनशे चौदा पासांपैकी एकशे सत्त्याण्णव पास आपल्याच तालुक्यात दिले गेले, असं आकाराम यांनी नोंदवलं आहे. प्रत्येक अर्धात तालुक्यामागे खेळाडू एकच असल्याने याचा अर्थ काय होतो, ते वाचकांनी पाहावं. उरलेले सतरा ऋषिराजने दिले. ते परत आले नाहीत.

सामन्यासाठी मैदान कराड आणि वाळवा तालुक्यांच्या शिवेवर निवडलं गेलं. ऊस तुटून गेलेलं रान. दुसऱ्या पिकासाठी खोडवा न राखता रोलर फिरवून घेतला होता. जिल्ह्याची हद्द हीच मैदानाची मध्यरेषा, त्यामुळे चुना एकदाच मारावा लागला. पंच म्हणून विनोदिनीताई आल्या. त्या वाईला एका शाळेत खेळ शिकवतात आणि परवानाधारक पंच आहेत. त्यांना बुके देण्यात आला. तो घेऊन कसं पळायचं हे त्यांनी विचारलं. पाहुण्या संघातल्या प्रत्येकाला कोल्हापुरी नव्हे, पुणेरी नव्हे, खास सातारी फेटा बांधण्यात आला. त्यांच्या गोलकीपरने तो भिडस्तपणे डोक्यावर तसाच ठेवला आणि पूर्वार्धभर त्याला तो काढण्याची गरज पडली नाही.

पूर्वार्ध शांततेत पार पडला. साताऱ्याच्या अकरा जणांनी कुठलाही अनुचित प्रकार होऊ न देता सहा गोल होऊ दिले. वीरधवलच्या पायात चेंडू तीनदा आला आणि तिन्ही वेळा त्याने तो फोटो निघेपर्यंत सोडला नाही. सीमेवर ऋषिराज अंग गरम करत होता. त्याच्या मागे त्याची आई, मनुबाई, त्याची बॅग मांडीवर घेऊन बसली होती. बॅगेवर भाकरीचा डबा होता.

मध्यंतराची शिट्टी झाली. आता राजीनामे द्यायचे. फुटबॉलच्या चड्डीला खिसा नसतो, म्हणून सह्या केलेले राजीनामे सर्वांनी मोज्यांत ठेवले होते. दहा जणांनी मोज्याला हात घातला आणि वीरधवलकडे पाहिलं. वीरधवल पाणी पीत होता. दहा जणांनी हात काढून घेतले.

"दे की रं," आकाराम म्हणाले.

"कशाचा?"

"राजीनामा. तुझी पंचेचाळीस मिनिटं झाली."

"कुठं झाली? त्यातली चाळीस मिनिटं चेंडू त्यांच्याकडंच व्हता. ती माझ्यात धरू नका. मला काम करायला पाचच मिनिटं मिळाल्यात."

"गड्या, सहा गोल झाल्यात."

"म्हणून तर. सहा गोल असं टाकून गेलो तर लोक म्हणतील, जबाबदारी सोडून पळाला. मी पळणारा न्हाई, सुभेदार."

(तो पळणारा नव्हता, हे पूर्वार्धात सर्वांनी पाहिलं होतं.)

वीरधवलचा राजीनामा मोज्यातून काढण्यात आला. घामाने शाई पसरून सही वाचता येत नव्हती, म्हणून तो अवैध ठरला. बाकीच्या दहा जणांनी मोजे न काढताच आपल्याही सह्या वाचता येत नसल्याचं सांगितलं. हे ऐकताच सांगलीचे दहा जण मैदानात उतरले. एका बाजूचे एकवीस खेळाडू आणि समोरचे अकरा, अशी स्थिती झाली. पाहुण्यांच्या प्रशिक्षकाने घड्याळ पाहिलं.

"मैदानात अकराच राहतील," विनोदिनीताई म्हणाल्या.

"ताई, तुमी कुणाच्या बाजूनं हाय?" सांगलीच्या उपकर्णधाराने (दक्षिण) विचारलं.

"नियमाच्या."

"त्यो कुठल्या जिल्ह्याचा?"

सांगलीकरांनी अविश्वास ठराव आणला. मैदानातच हात वर करून मतदान झालं. ठरावाच्या बाजूने दहा, विरोधात अकरा. एका मताने ठराव फेटाळला गेला. ऋषिराजनेही हात वर केला होता, पण नानासोंनी तो समजुतीने खाली घेतला. स्वीकृत सदस्याला चर्चेत भाग घेता येतो, मत देता येत नाही. त्याला मत असतं तर अकरा-अकरा झाले असते आणि अध्यक्षांचं निर्णायक मत लागलं असतं. अध्यक्ष वीरधवलचे चुलते आहेत. म्हणजे निकालात फरक पडला नसता, लोकशाहीला फक्त जरा वेळ लागला असता.

सांगलीचे दहा जण घोषणा देत बाहेर गेले. उत्तरार्धही साताऱ्याकडेच राहिला. ऋषिराज पुन्हा सीमेवर जाऊन अंग गरम करू लागला. एव्हाना ते बरंच गरम झालं होतं.

"आवं सुभेदार," मनुबाई म्हणाल्या, "कवा खेळणार माझा?"

"हाफटायमनंतर, वैनी."

"त्यो मगाशीच झाला की."

"व्हय. त्यांचा झाला. आपला व्हायचाय."

मनुबाईंनी बॅग एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "सोमवारी त्या पॅकिंगवाल्याला जायाला लागंल व्हय मग?"

आकाराम मैदानाकडे वळून ताठ उभे राहिले. फौजेत उत्तर नसेल तर सरळ समोर बघण्याची शिस्त असते.

उत्तरार्धाला दहा मिनिटं होत आली तेव्हा वीरधवलच्या पोटरीत गोळा आला. त्याला उभं राहता येईना. बाहेर जाण्याची विनंती त्याने नम्रपणे नाकारली. कार्यकर्त्यांनी मांडवातली प्लॅस्टिकची खुर्ची आणून मध्यरेषेवर ठेवली आणि तो तिच्यावर बसून नेतृत्व करू लागला. विनोदिनीताईंनी त्याला पिवळं कार्ड दाखवलं. त्यानेही कार्यकर्त्याकडून आपलं कार्ड मागवून त्यांना दिलं.

"खुर्ची मैदानात चालत नाही," त्या नानासोंना म्हणाल्या.

"ताई, रागावू नका," नानासो म्हणाले. "पर हितल्या माणसाला खुर्चीवरनं उठवलेलं तुमी कवा बघितलंय?"

पाहुण्यांचे प्रशिक्षक आता मैदानाकडे पाहतच नव्हते. ते आकाराम यांच्याजवळ आले. "खंय आसा तुजो भुरगो? आमची बस सहाला सुटतली."

आकारामनी हाताने दाखवलं. ऋषिराज एकटाच सीमेबाहेर चेंडू पायावर झेलत होता. जमिनीला न लावता. बाजूला सांगलीचे दहा जण निषेधसभा घेत होते.

प्रशिक्षकाने जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तुमी खेळयनात जाल्यार आमी खेळयतांव."

पाहुणे त्याला आपल्याकडून खेळवायला तयार आहेत, हे सांगायला आकाराम विनोदिनीताईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पाहुण्या संघाने कुणाला बदली म्हणून घ्यायचं हा त्यांचा प्रश्न आहे, त्या म्हणाल्या. सामना मैत्रीपूर्ण असल्याने समोरच्या संघाची संमती असली की पुरे. संमती नानासोंनी द्यायची होती. इथे हा वृत्तांत संपू शकला असता. आकाराम यांनी टोपी काढून हातात घेतली होती, आणि टोपी त्यांनी यापूर्वी फक्त दोनदा काढल्याचं त्यांच्या घरचे सांगतात.

नानासोंनी विचार केला. राजीनामा कुणाचाच द्यावा लागत नाही. पुतण्याची खुर्ची राहते. एका खेळाडूचा प्रश्न मार्गी लागतो. "स्वीकृतच हाय त्यो," ते म्हणाले. "त्यानं हिकडं बसायचं का तिकडं, आपल्याला काय फरक पडतोय? जाऊ द्या बिचाऱ्याला."

अशा रीतीने ऋषिराजने अंगातली क्लबची जर्सी काढली, घडी घालून आईजवळ दिली आणि पाहुण्यांची घातली. चालू सामन्यात माणूस पलीकडच्या बाजूला गेला, यात उपस्थितांपैकी कुणालाही काही वावगं दिसलं नाही. काहींनी तर तो इतका वेळ का थांबला, असंच विचारलं.

उरलेल्या वेळात त्याने तीन गोल केले.

या तीन गोलांनी क्लबला जो आनंद दिला तो आजवर कशानेही दिलेला नाही. पहिला गोल झाला तेव्हा सांगलीच्या दहा जणांनी निषेधसभा थांबवून हलगी मागवली, कारण गोल खाणारा गोलकीपर साताऱ्याचा होता. आटपाडीचा पप्पू तर आपण तिथे नसल्याच्या आनंदात रडला. दुसऱ्या गोलाला सातारकरही उठले, कारण मारणारा शेवटी आपल्याच क्लबचा होता. तिसऱ्या गोलाला वीरधवल खुर्चीवरून उठला. टाळी वाजवून तो लगेच खाली बसला, पण उठला होता हे अनेकांनी पाहिलं आहे.

सामना नऊ-शून्य असा सुटला. क्लबच्या इतिहासात त्याचा निकाल सहा-तीन असा दिलेला आहे. नानासोंचं गणित सरळ होतं: सहा गोल त्यांच्या पोरांनी केले, तीन आपल्या पोराने. "हरलो," ते समारोपाच्या भाषणात म्हणाले, "पर तिन्ही गोल आपल्या मातीनं केलं." टाळ्या बराच वेळ चालल्या. गोव्याच्या खेळाडूंनीही वाजवल्या. भाषण त्यांना कळलं नव्हतं.

बस सुटण्यापूर्वी मनुबाईंनी डबा प्रशिक्षकांच्याच हातात दिला. "तिकडं भाकरी मिळती का?"

"पाव मेळटा," ते म्हणाले.

"पावानं काय हुतंय? पोरगं वाळंल माझं." मग त्या ऋषिराजकडे वळल्या. "फोन करत जा. आन् गोल मारलास म्हंजे जिंकलास असं न्हाई, हितं बघितलंस न्हवं?"

ऋषिराजने क्लबची जर्सी आकाराम यांच्यापुढे धरली. "साब, ही जमा करायची."

"ठेव. हरवली म्हणून लिवतो."

"बाकीच्यांना लागंल की."

"कुणाला लागती? घामाचा वास हाय तिला. आपली न्हाई म्हणून वळखतील." त्यांनी ती बॅगेत कोंबली आणि बॅगेची चेन स्वतः लावली. "चल, फॉलिन. मागं बघू नगंस."

तो मागे पाहत पाहतच बसमध्ये चढला. आकाराम यांच्या आदेशाची मैदानावर अंमलबजावणी न होण्याची ही शेवटची वेळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. तो कोरडा आणि सुवाच्य होता. क्लबच्या इतिहासातला हा पहिला आणि आजपर्यंतचा एकमेव वैध राजीनामा.

पुढचं सर्वांना माहीत आहे. हंगाम संपेपर्यंत ऋषिराजचे फोटो वर्तमानपत्रांत येऊ लागले आणि पहिल्या फोटोच्या तिसऱ्या दिवशी पहिला फ्लेक्स लागला: 'आपल्या तालुक्याचे सुपुत्र'. महिनाभरात एकवीस तालुक्यांत एकवीस फ्लेक्स लागले. प्रत्येकावर ऋषिराजचा फोटो डाव्या कोपऱ्यात, आधारकार्डावर असतो तेवढा. बाकी जागा शुभेच्छुकांना. महाबळेश्वरच्या फ्लेक्सवर त्याच्या हातात स्ट्रॉबेरी आहे. एका तालुक्याचं म्हणणं त्याचं आजोळ आपल्याकडे, दुसऱ्याचं म्हणणं जमीन आपल्याकडे, तिसऱ्याचं म्हणणं त्याच्या आजीने नवस आपल्या देवाला केला होता. जन्म तपासायला गेले तर तो शिलाँगच्या लष्करी इस्पितळातला निघाला. पण शिलाँग हा तालुका आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नसल्याने तो दावा दाखल करून घेतलेला नाही. मनुबाईंना तीनदा विचारण्यात आलं. त्या म्हणतात, "पॅकिंगला जाणार व्हता तवा कुणाचा व्हता, त्येचाच धरा." हे उत्तर संदिग्ध मानून समितीने मुदतवाढ घेतली आहे.

क्लब सुरू आहे. सामने होत नाहीत, कारण वीरधवलने अजून राजीनामा दिलेला नाही, म्हणजे पहिला सामना तांत्रिकदृष्ट्या संपलेला नाही. त्यामुळे क्लब आजवर एकही सामना हरलेला नाही, असं वार्षिक सभेत सांगता येतं, आणि सांगितलं जातं.

हा वृत्तांत छापायला देण्यापूर्वी दोन्ही जिल्ह्यांतल्या काही जाणकारांना वाचायला दिला होता. त्या सर्वांनी एकच उणीव दाखवली: एवढं लिहिलंत, पण पोरगा कोणत्या तालुक्याचा ते दिलं नाही, आणि आडनावही नाही. ते कळलं असतं तर पुढचं वाचायला बरं पडलं असतं, असं त्यांचं म्हणणं. उणीव मान्य आहे. वृत्तांतात दुसरीही एक उणीव आहे. ऋषिराजने ते तीन गोल कसे मारले, कुठून, कोणत्या पायाने, याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही. ती अजून एकाही वाचकाने दाखवलेली नाही. आपल्याही लक्षात आली नसेल, तर क्लबचं सभासदत्व खुलं आहे. खेळ समजण्याची अट नाही. तालुका तेवढा कळवावा.